तलावाच्या पाळीवरून

१

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. वैनगंगा आहे, चुलबंद आहे, आणि तलाव आहेत. मच्छीमार म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे होडी, नारळ आणि कोळीवाडा येतो. इथला मच्छीमार म्हणजे ढिवर, आणि तो त्या चित्रात कुठेच नसतो. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो फेकजाळ टाकतो, लांब जायचं तर डोंगा घेतो, आणि संध्याकाळी भाताच्या बांधावरून घरी जातो.

२

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. कोहळी समाजाने या कामात पिढ्या घातल्या. उतार बघून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचं, जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून सलंग काढायची. वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात. नकाशे नव्हते. आजही पावसाळ्यात पाळीवर उभं राहिलं की तो हिशोब डोळ्यांनी वाचता येतो.

३

१९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली. ते व्हायलाच हवं होतं. मालगुजाराबरोबर तलावांची मालकीही गेली आणि ती सरकारकडे आली. पाळीवर माती कोणी टाकायची, तुडूम कधी उघडायचं, गाळ कोणी काढायचा, हे सगळं पूर्वी गावात ठरत होतं. नंतर ते कार्यालयात ठरू लागलं, आणि पुष्कळदा ठरलंच नाही.

४

रोम, जून २०१४. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने छोट्या मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. केवळ छोट्या मासेमारीसाठी जगाने एकत्र बसून केलेला हा पहिला दस्तऐवज. तयार होताना १२० हून अधिक देशांतल्या चार हजारांवर माणसांशी बोलणं झालं. कुठल्याही देशावर तो बंधनकारक नाही, ही त्याची मोठी उणीव.

तरी त्यातलं एक वाक्य इथे कामाचं आहे. ही तत्त्वं समुद्राला लागू आहेत तशीच गोड्या पाण्यालाही लागू आहेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या तलावालाही.

५

तत्त्वांचं पाचवं प्रकरण पाण्यावरच्या आणि माशांवरच्या हक्कांबद्दल आहे. आठवं प्रकरण स्त्रियांबद्दल. ही दोन प्रकरणं मराठीत छापून प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या हातात द्यावीत. खर्च फार नाही. मोठ्या अक्षरात छापावीत, कारण सोसायटीच्या कार्यालयात उजेड बेताचाच असतो.

६

चंद्रिका शर्मा. चेन्नईतून चालणाऱ्या, मच्छीमारांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या 'आयसीएसएफ' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारी सचिव. वरच्या तत्त्वांसाठी त्यांनी अनेक वर्षं काम केलं. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या आणि नाहीशा झालेल्या एमएच ३७० विमानात त्या होत्या. मंगोलियात अन्न व कृषी संघटनेच्या प्रादेशिक परिषदेला त्या निघाल्या होत्या. तीन महिन्यांनी तत्त्वं मान्य झाली आणि ती त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली.

मंगोलियालाही समुद्र नाही.

७

भंडाऱ्याच्या बाजारातली जमीन. एका बाजूला थर्माकोलच्या पेट्या, आत बर्फात रचलेला आंध्राचा रोहू, सगळे मासे जवळपास एकाच मापाचे. त्याच्या पलीकडे एक म्हातारी घमेल्यात बोटभर पाणी घालून बसलेली. पाण्यात मरळ. हा मासा हवेतलाही श्वास घेतो, म्हणून एवढ्याशा पाण्यात तो तासन्‌तास जिवंत राहतो. मधूनच शेपटी मारतो, पाणी उडतं, म्हातारी पदराने तोंड पुसते आणि त्याच्यावर ओलं फडकं टाकते. शेजारी सुपात दाडक, बोटरी, मूठभर झिंगे. सगळी वेगवेगळ्या लांबीची, काही अजून हलणारी.

"पानी रायलं त मासोळी रायते जी," ती म्हणाली. भाव विचारणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती हे सांगत होती. मासे महाग का, असं तो विचारत होता.

८

परदेशातून आलेले पाहुणे:

१९५२, मोझांबिक टिलापिया.
१९५७, बँकॉकहून कॉमन कार्प. इथे त्याला सायप्रिनस म्हणतात.
१९५९, हाँगकाँगहून ग्रास कार्प. इथे गवत्या.
१९५९, जपानहून सिल्व्हर कार्प. इथे चंदेऱ्या.

हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच होतं. देशाला अन्न कमी पडत होतं आणि प्रथिनं हवी होती. हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. तलावातल्या गवतात कोण राहतं, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही, एवढंच.

९

रोहू, कटला, मिरगल हे आपलेच मासे, पण वाहत्या नदीचे. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ते वाढतात, अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात या माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावलं. हे तंत्र ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकात निघालं होतं. तिकडची कल्पना, इकडची चिकाटी. आजही १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. मोठं काम होतं, आणि देशभरातली लाखो ताटं त्यामुळे भरली.

ढिवरांच्या सोसायटीसाठी त्याचा दुसरा अर्थ असा झाला: दर पावसाळ्यात बीज विकत आणायचं. पैसा आधी, मासा नंतर. पाऊस उशिरा आला, पाळ फुटली, सलंगेवरून बीज वाहून गेलं, तर पैसाही गेला आणि मासाही.

दाडक, बोटरी, मरळ, शिंगूर यांना बीज आणावं लागत नाही. ते तलावातच अंडी घालतात. त्यांना फक्त गवत लागतं.

१०

गवत्या गवत खातो.

११

अर्जुनी मोरगाव १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं, आता गोंदियात आहे. तलावांना ही सीमा ठाऊक नाही. अर्जुनीच्या नवतलावात मनीष राजनकर आणि 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' यांनी तिथल्या ढिवरांबरोबर जे काम केलं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आधी म्हाताऱ्या ढिवरांना विचारलं: पूर्वी कुठला मासा होता, तो कशात राहायचा, काय खायचा, अंडी कुठे चिकटवायचा. त्यातून पाणवनस्पतींची यादी निघाली. चिला, गाद, देवधान. मग उन्हाळ्यात पाणी हटलं तेव्हा तलावात माजलेली बेशरम मुळासकट उपटली. तळाचा काही भाग नांगरला. पहिलं पाणी साचलं तसं दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती चिखलात लावल्या, धानाची रोवणी करतात तशा. देशी माशांच्या जोड्या सोडल्या. तेवढ्या भागात जाळं घालायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं.

मासे परतले, पक्षीही परतले. नंतर हे काम दोन्ही जिल्ह्यांतल्या इतर गावांत गेलं, आणि तिथे रोवणी करायला बाया पुढे आल्या. रोवणीचा हात त्यांचाच.

१२

चिखलात पाणवनस्पती लावणारी बाई बघितली नसेल त्याने एकदा बघावी. कंबरेत वाकलेली, डाव्या हातात जुडी, उजव्या हाताची तीन बोटं मूळ धरून खाली जातात आणि रिकामी वर येतात. मूळ खोल गेलं की नाही हे ती अंगठ्याने दाबून बघते. ओळ धरायची नसते. धानाची सवय असल्याने ओळ आपोआप होते, मग ती हसून मुद्दाम मोडते.

१३

नॉर्वे, १९५२. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला. केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे प्रकल्प उभा राहिला. उद्देश छोट्या मच्छीमारांचं जीवनमान सुधारणं. यांत्रिक बोटी आल्या, बर्फाचे कारखाने आले, कोळंबीची निर्यात सुरू झाली. ट्रॉलर आले आणि वाढत गेले. ज्यांच्यासाठी हे सुरू झालं ते वल्ह्यांच्या होडीवाले १९७० आणि ८० च्या दशकांत ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर होते. १९८८ पासून केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आहे. ती त्यांच्या लढ्याची कमाई.

मदत कोणाच्या हातात पडते, हे मदतीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

१४

'इल्युमिनेटिंग हिडन हार्वेस्ट्स' हा २०२३ चा अहवाल. अन्न व कृषी संघटना, ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश यांनी मिळून केला. जगात पकडल्या जाणाऱ्या माशांपैकी सुमारे ४० टक्के मासे छोटे मच्छीमार पकडतात. मासेमारीत काम करणाऱ्या दर दहा माणसांपैकी नऊ छोट्या मासेमारीत आहेत. त्यात दर दहामागे चार स्त्रिया.

या आकड्यांत भंडाऱ्याची ती घमेलेवाली म्हातारी धरली आहे का, याची मला चिंता आहे. ती सोसायटीची सभासद नसेल, तिच्या नावावर लीज नसेल, तिचा मासा वजनकाट्यावर न जाता वाट्याने विकला जात असेल. अहवालाच्या नावात जे लपलेलं म्हटलंय, ते ती आहे.

१५

सरकारी यादीत भोई, ढिवर, कहार, पालेवार हे भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. गावातल्या तलावाच्या पाळीखाली पिढ्यान्‌पिढ्या घरं.

१६

१५ सप्टेंबर २०२५ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांवरचा करार अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि संपत आलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नये, असा तो करार. भारताने छोट्या मच्छीमारांच्या बाजूने तिथे बरीच वर्षं भांडण मांडलं आहे, आणि ते रास्त आहे. करार फक्त समुद्रापुरता आहे. नदी, तलाव, बोडी त्याच्या बाहेर.

बाहेर राहिल्याने नुकसान नाही. पण जगाच्या टेबलावर मच्छीमार हा शब्द उच्चारला जातो तेव्हा बहुतेक वेळा तो खाऱ्या पाण्यातलाच का असतो?

१७

रामसर करारानुसार पाणथळ जागा नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, पाणथळच. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे पाणथळ जागेच्या व्याख्येत येत नाहीत.

मालगुजारी तलाव सिंचनासाठी बांधले. त्यात देवधान आहे, कमळ आहे, मासोळी आहे, हिवाळ्यात बदकं येतात. महाराष्ट्रात आज तीन रामसर स्थळं आहेत: नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी. तलावांच्या या चार जिल्ह्यांतलं एकही नाही.

१८

श्रीलंकेच्या कोरड्या भागात अशाच तलावांच्या माळा आहेत. वरच्याचं पाणी खालच्यात, गाव पाळीखाली, वरच्या बाजूला झाडांचा पट्टा. २०१७ मध्ये अन्न व कृषी संघटनेने त्यांना जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे कोरापुट, कुट्टनाड आणि काश्मीरचं केशर या यादीत आहे. पूर्व विदर्भातले तलाव नाहीत. कोणीतरी प्रस्ताव पाठवायला हवा. तो नागपुरातून किंवा मुंबईतून जाण्याआधी गावातून गेला तर त्यात तुडूम आणि सलंग हे शब्द नीट येतील.

१९

नाग नदी नागपुरातून निघते, शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प ठरलं.

नाग नदी शुद्ध करण्याच्या प्रकल्पाला जपानच्या 'जायका' या संस्थेचं कर्ज आहे. टोकियोचा पैसा, नागपूरचं सांडपाणी, भंडाऱ्याचा मासा. याहून स्पष्ट आंतरराष्ट्रीय सहकार्य कुठलं? हे काम वेळेत व्हावं म्हणून जेवढा आवाज नागपुरातून उठतो, तेवढाच अंभोऱ्याच्या काठावरून उठायला हवा. पाणी शेवटी तिथे येऊन थांबतं.

२०

धरणात जमीन गेली तर सातबारा दाखवता येतो. नदीतल्या मासेमारीचा सातबारा नसतो.

२१

वनहक्क कायदा, २००६. कलम ३(१)(घ): जलाशयातले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क. जंगलाला लागून असलेल्या कितीतरी तलावांना तो लागू होऊ शकतो. तेंदूपत्ता आणि बांबूसाठी ग्रामसभांनी हा कायदा वापरला, आणि गडचिरोलीने तर देशाला वाट दाखवली. माशांसाठी तो वापरायची वेळ आहे.

२२

ढिवर फक्त मासा धरत नाही. ऐनाच्या झाडावर कोसा पाळणं हाही या भागातल्या ढिवरांचा जुना उद्योग. जंगलात महिना-दीड महिना राहून अळ्या राखायच्या, पाखरं हाकायची, कोष उतरवायचे. तलावात शिंगाडा लावायचा, दिवाळीच्या सुमाराला काढायचा, बायांनी मोठ्या पातेल्यात उकडायचा. उकडलेला शिंगाडा काळा पडतो, टरफलाला टोकं असतात, सोलणारीच्या अंगठ्याला भेगा पडतात.

कागदोपत्री कोसा एका खात्याकडे, मासा दुसऱ्याकडे, तलावातलं पाणी तिसऱ्याकडे, जंगल चौथ्याकडे. घर एकच.

२३

थायलंडच्या ङाव नदीवर करेन लोकांच्या गावांनी आपापल्या हद्दीत नदीचे छोटे तुकडे मासेमारीला बंद केले आहेत. शास्त्रज्ञांनी मोजणी केली, २०२० मध्ये 'नेचर'मध्ये छापली. राखलेल्या तुकड्यांत माशांच्या जाती जास्त, आणि वजनाने मासे वीसपटीहून अधिक.

आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीचा डोह आहे. देवीचे मासे म्हणून तिथे कोणी जाळं टाकत नाही. महासीर तिथे निवांत फिरतो.

अर्जुनीच्या ढिवरांनी नवतलावाचा एक भाग राखला तो देवीच्या नावाने नाही, ठराव करून. तीन ठिकाणी तीन कारणं, राखण तीच.

२४

बांगलादेशात हाईल हाओर नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. त्यात बाईक्का बील हा भाग २००३ पासून माशांसाठी कायमचा राखीव. गावकऱ्यांच्या संघटनेने राखलेला, अमेरिकेच्या 'यूएसएड'च्या मदतीतून उभा राहिलेला. प्रकल्प संपल्यावरही गावकऱ्यांनी तो राखला. १ जुलै २०२५ ला यूएसएड ही संस्थाच बंद झाली. परदेशी पैसा थांबायचा तेव्हा न विचारता थांबतो. गावात संघटना असेल तर काम टिकतं. पैसा यावा, जरूर यावा, पण आधी ती असावी.

२५

एक तंटा, जो कुठल्याही आंतरराष्ट्रीय परिषदेत येत नाही.

ऑक्टोबरात धान निसवायला येतो, पावसाने पाठ फिरवलेली असते, शेतकऱ्याला एक पाणी हवं असतं. तुडूम उघडतं. तलाव उतरतो. ढिवराने पावसाळ्यात सोडलेलं बीज अजून बोटभर असतं. पाणी कमी झालं की ते उथळात अडकतं, बगळे टिपतात, उरलेलं लवकर काढून पडेल भावाने विकावं लागतं. दोघंही चूक नाहीत. दोघांची घरं एकाच पाळीखाली.

जिथे गावाने बसून तळाशी ठरावीक पाणी राखायचं ठरवलं, तिथे दोघांचं भागतं. सर्वांत अवघड सहकार्य हे आहे, आणि ते दोन देशांतलं नाही.

२६

२१ नोव्हेंबर, जागतिक मत्स्यव्यवसाय दिन. १९९७ मध्ये दिल्लीत जगभरातले मच्छीमार जमले आणि त्यांनी आपला जागतिक मंच स्थापन केला, त्याची ही आठवण. तीनच वर्षांनी फ्रान्समधल्या लोक्तुडी इथे त्याचे दोन मंच झाले. फूट पडली तरी रोमची तत्त्वं घडवताना दोन्ही मंच एका बाजूला बसले होते. संघटनांकडून याहून जास्त काय मागायचं?

२७

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलतीची वाट मोकळी झाली. चांगला निर्णय. तळं खोदून मासे पाळणाऱ्याला त्याचा फायदा सरळ मिळेल. लीजवरच्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवराला मिळायचा तर लीजची मुदत लांब हवी आणि कागदावर त्याचं नाव हवं. बाईचं नाव हवं. संस्थेच्या सभासद यादीत नवऱ्याच्या नावाखाली लिहिलेलं नव्हे, तिच्या स्वतःच्या ओळीत.

२८

थाई मागूर. भारतात २००० पासून बंदी. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, थायलंडमार्गे पसरला, तलावातलं सगळं खातो. चोरून पाळला जातोच. पुरात तो तळ्याबाहेर पडला की वैनगंगेत जाईल, आणि वैनगंगेतून परत काढता येणार नाही. बंदी आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

२९

मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधला वनाधिकारी असताना तलावाकाठचं पुष्कळसं ज्ञान माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून घेतलं, आणि ते जन्मभर सांगत राहिले. १८ जून २०२५ ला चितमपल्ली गेले. त्यांची पुस्तकं आपण वाचतो. ज्यांच्यापासून असं ज्ञान येतं ते म्हातारे ढिवर, गोंड, कोहळी अजून काही गावांत आहेत. जैवविविधता कायदा २००२ चा. तो आला रिओच्या १९९२ च्या जागतिक करारातून. त्याच्यामुळे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नोंदवही या माणसांजवळ बसून भरावी. कार्यालयात बसून भरलेल्या नोंदवहीत मासोळीच्या रकान्यात रोहू, कटला, मिरगल एवढंच येतं.

३०

रोमच्या तत्त्वांवर काम करणाऱ्यांनी कधी पूर्व विदर्भात यायचं ठरवलंच, तर सोबत श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या तलावांवरचे मच्छीमार आणावेत, आणि हाईल हाओरच्या संघटनेतलं कोणीतरी. इथल्या बाया त्यांना रोवणी दाखवतील, ते त्यांची राखण सांगतील. दुभाषा लागेल तो इथली झाडीबोली कळणारा हवा. सभागृह नको, पाळ पुरे. आणि तारीख मे महिन्यातली धरावी. तेव्हा तळ उघडा असतो, बेशरम उपटायची असते, आणि पावसाआधी नांगर घालायचा असतो.